कुलूपवाल्याच्या मुलाने मांडलेला विजेचा हिशेब

हायस्कूलच्या विज्ञानात ओहमचा नियम शिकला नाही असा माणूस सापडणे कठीण. विभवांतर भागिले विद्युतधारा बरोबर रोध, एवढे एक समीकरण आणि त्याखाली दोन गणिते. परीक्षा संपली की नियम विसरला जातो, आणि ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या माणसाची तर ओळखच कुणी करून दिलेली नसते. मी बुलडाणा जिल्ह्यात, घाटावरच्या एका गावी, बरीच वर्षे हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर जॉर्ज सायमन ओहम या माणसाच्या आयुष्याकडे मी नव्याने वळलो, त्याला निमित्त झाली आमच्या घरची एक जुनी पिकअप गाडी. तिची हकिगत ओघात येईलच. आधी ओहमकडे जाऊ.

जर्मनीच्या दक्षिणेला एर्लांगेन नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथे १६ मार्च १७८९ रोजी ओहमचा जन्म झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलपे बनवणारे कारागीर. आई शिंप्याची मुलगी. या दांपत्याला सात मुले झाली, त्यांतली तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांचे शिक्षण बेताचेच, पण दिवसभर कानस चालवणाऱ्या या माणसाला पुस्तकांचे विलक्षण वेड होते. गणित, भौतिकशास्त्र, रसायन आणि तत्त्वज्ञान हे विषय तो स्वतः वाचून शिकला आणि आपल्या दोन मुलांना त्याने ते घरीच शिकवले. शाळेत मुले पाठांतर करत आणि घरी येऊन वडिलांकडून खरे गणित शिकत. विद्यापीठातील लांग्सडॉर्फ नावाच्या प्राध्यापकांनी एकदा या दोघा भावांची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन त्यांची तुलना स्वित्झर्लंडच्या बर्नुली या गणिती घराण्याशी केली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे खरोखरच नामांकित गणिती झाला.

थोरल्याची वाट मात्र इतकी सरळ नव्हती. १८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला आणि नाच, बर्फावरचे स्केटिंग व बिलियर्ड्‌स यांतच अधिक रमला. पोटाला चिमटा काढून शिकवणाऱ्या बापाला हे कसे रुचावे? तीन सत्रांनंतर त्यांनी मुलाचे विद्यापीठ बंद केले आणि त्याला स्वित्झर्लंडमध्ये गणिताचा मास्तर म्हणून धाडून दिले. १८०६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ओहम असा शिक्षक झाला. तिथे त्याने फावल्या वेळात थोर गणितज्ञांचे ग्रंथ एकट्याने वाचून काढले. १८११ मध्ये तो परत आला, त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली आणि विद्यापीठात काही काळ शिकवले. पण त्या कामात पोट भरेना. मग बाम्बेर्गच्या एका सुमार शाळेत नोकरी धरली. ती शाळाही पुढे बंद पडली. मन रमत नव्हते, पगार पुरत नव्हता. त्या दिवसांत त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिले आणि ते प्रशियाच्या राजाकडे पाठवून दिले. राजाला ते पसंत पडले आणि त्यातून कोलोन शहरातील एका हायस्कूलमध्ये गणित व भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा त्याला मिळाली. हे साल होते १८१७. आपल्याकडे तेव्हा पेशवाईचे अखेरचे दिवस चालू होते.

कोलोनच्या शाळेत ओहमला एक गोष्ट अशी मिळाली की जिच्यामुळे त्याचे आयुष्य पालटले. ती म्हणजे बऱ्यापैकी सुसज्ज प्रयोगशाळा. वीज हा त्या काळातला सर्वांत नवा विषय होता. इटलीच्या व्होल्टाने १८०० मध्ये पहिली बॅटरी जाहीर केली होती. डेन्मार्कच्या ओर्स्टेडला १८२० मध्ये दिसले की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची चुंबकसूची हलते. वीज मोजायला त्यामुळे एक साधन मिळाले. मात्र तारेची लांबी वाढवली तर वीज किती कमी होते, जाड तार घेतली तर किती वाढते, याचा हिशेब कुणालाच लागत नव्हता. घरी कुलपाचे खटके जुळवताना पाहिलेल्या या मास्तराने उपकरणे स्वतःच्या हाताने बनवली आणि तो कामाला लागला.

अडचण अशी की त्या काळच्या बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या. तार जोडली की पहिल्या क्षणी जोरात वीज वाहायची आणि मग झरझर उतरायची. थोडी विश्रांती दिली की पुन्हा अंगात जोर. तोच प्रयोग, तीच तार, आणि सकाळी एक उत्तर तर दुपारी दुसरे! दोष तारेत आहे की बॅटरीत, हे कळायला मार्ग नव्हता.

जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणालाही ही अडचण ओळखीची वाटेल. आमच्या धाकट्या भावाची डिझेलवर चालणारी पिकअप आहे. तिच्यावर घरचा कापूस आणि सोयाबीन बाजारात जातो, आणि हंगाम नसला की भाड्याने घरखर्चाला हातभार लागतो. ही गाडी वर्षभर एका चमत्कारिक खोडीने ग्रासली होती. चावी फिरवली की सेल्फमधून नुसता टक् असा आवाज यायचा आणि इंजिन गप्प. दहा मिनिटांनी तीच चावी फिरवली की गाडी एका झटक्यात सुरू! गॅरेजमध्ये नेली की ती एकदाही रुसायची नाही. बॅटरी नवी घातली. सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले. चावीचा स्विच बदलला. प्रत्येक वेळी चार-आठ दिवस बरे जायचे आणि पुन्हा तोच टक्.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. चिखली, मेहकर, लोणार हे घाटावरचे. खामगाव, मलकापूर, शेगाव हे घाटाखालचे. बोथ्याचा घाट उतरून खामगावच्या बाजारात गाडी नेली की हमखास अडते, म्हणून घरात बोलले जाऊ लागले की ही गाडी घाटाखाली रुसते. कुणी लिंबू-मिरची बांधली, कुणी ती विकण्याचा सल्ला दिला. भर बाजारात भरलेल्या गाडीला चार माणसांनी धक्का मारायचा, हे हसण्यावारी नेता येत होते. पण एका रात्री आईला धाप लागली. तिला घेऊन निघालेली गाडी वाटेत डिझेल भरायला थांबली आणि पंपावरच बसली. दुसरे वाहन मिळून ती बुलडाण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. आई सुखरूप घरी आली, पण त्या रात्रीनंतर भावाने गाडी मिळेल त्या किमतीला काढायची ठरवली.

आता ओहमने काय केले ते पाहू. १८२५ मध्ये त्याने आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यातले सूत्र बरोबर नव्हते, कारण त्यामागची बॅटरीच दर घडीला बदलत होती. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला सुचवले की व्होल्टाची बॅटरी सोड आणि सीबेकने नुकतीच शोधलेली युक्ती वापर. ती युक्ती अशी: दोन वेगळ्या धातूंचे सांधे करायचे, एक सांधा गरम ठेवायचा आणि दुसरा थंड, त्यातून थोडी, पण स्थिर वीज मिळते. ओहमने तांबे आणि बिस्मथ या धातूंची जोडी घेतली. एक टोक उकळत्या पाण्यात ठेवले, दुसरे बर्फात. पाणी उकळते तोवर त्याचे तापमान वाढत नाही, बर्फ वितळतो तोवर त्याचेही हलत नाही. म्हणजे विजेचा जोर दिवसभर तोच. मग त्याने एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या आणि एकामागून एक जोडून चुंबकसूची किती वळते ते टिपून ठेवले. बाकी सारे स्थिर, बदलायची ती फक्त तार.

१८२६ मध्ये आकडे बोलू लागले. त्याला मिळालेले सूत्र साध्या मराठीत सांगायचे तर असे: विजेचा जोर वर, आणि खाली भागायला दोन गोष्टींची बेरीज. त्यांतली एक म्हणजे तपासायची तार आणि दुसरी म्हणजे उरलेला सगळा परिपथ. या दुसऱ्या आकड्यात ओहमचे खरे शहाणपण आहे असे मला वाटते. आपण ज्या तारेकडे बघतो आहोत तीच तेवढी वीज अडवते असे नाही. सांधे, जोडणीची टोके, खुद्द वीज पुरवणारे साधन, सगळेच थोडे थोडे अडवते, आणि हिशेबात ते धरावेच लागते. शाळेच्या पुस्तकात येते ते या सूत्राचे सुटसुटीत रूप. उरलेल्या परिपथाचा तो आकडा त्यातून गळालेला असतो.

आमच्या गाडीचा दोष त्या गळालेल्या आकड्यातच दडलेला होता. पुतण्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करत होता. गाडी विकण्याआधी पंधरा दिवस मागून घेऊ, असे आम्ही दोघांनी ठरवले. पहिले काम वहीचे. दर वेळी चावी फिरवली की वेळ, ठिकाण, इंजिन गार की गरम, गाडी किती वेळ उभी होती आणि काय झाले, हे तो लिहू लागला. पंधरवड्यात चित्र उघड झाले. सकाळी गार इंजिनावर गाडी एकदाही अडली नव्हती. लांब पल्ला मारून पंधरा-वीस मिनिटे उभी राहिली, की मगच अडत होती. खामगावात तशीच एकदा चिखलीतही. घाटाखालचा प्रदेश निर्दोष सुटला.

मग दुसरे काम मीटरचे. बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. गाडी उभी असताना कुठेही तपासा, सारे ठीकच दिसे. याचे कारण ओहमच्या नियमातच आहे. विहिरीवरच्या पाइपात खडा अडकला असला तरी नळ बंद असताना शेवटपर्यंत पाण्याचा दाब पूर्ण असतो. नळ सोडला की मगच दाब पडतो. वीज वाहतच नसेल तर खराब सांधाही चांगलाच दिसणार. दिव्याला चार-पाच ॲम्पिअर पुरतात, पण सेल्फला इंजिन फिरवताना दोनशे ॲम्पिअर किंवा त्याहूनही जास्त वीज लागते. दोनशे ॲम्पिअरच्या वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा रोध आला, तरी बारांतले दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. इतका बारीक रोध साध्या मीटरवर थेट मोजताही येत नाही, मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधच त्याहून जास्त असतो. तो शोधायचा तर सेल्फ मारत असतानाच व्होल्ट मोजायचे.

इंजिन तापवून, गाडी वीस मिनिटे उभी करून आम्ही तेच केले. गाडी न्यूट्रलला, हॅन्डब्रेक ओढलेला. भाऊ चावी फिरवत होता, पुतण्या मीटर धरून होता. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.३ व्होल्ट; चालण्यासारखे. बॅटरीच्या ऋण टोकापासून चॅसीपर्यंत ०.२, तेही ठीक. मग एक टोक चॅसीवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवले. भावाने चावी फिरवली, टक् झाले, आणि मीटरवर जवळजवळ ४ व्होल्ट! चॅसी आणि इंजिन यांच्यात विजेच्या दृष्टीने काहीच अंतर नको, तिथे बारांतले चार व्होल्ट गळत होते.

इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसवलेले असते. म्हणून त्याला चॅसीशी जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. मेकॅनिक तिला अर्थची पट्टी म्हणतात. ही पट्टी पूर्वी कधी तरी रंगकाम झाल्यावर रंगावरच आवळून बसवलेली होती. तिच्या टोकाखाली हिरवट गंज आणि तेलाचा थर साचला होता. गार असताना सांधा जेमतेम काम भागवी. इंजिन तापले की तो जास्तच ढिला पडे. शिवाय तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, साठ अंशांनी तापले तर साधारण पावपट. म्हणजे सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या कॉईललाही नेमका त्याच वेळी कमी जोर मिळे. दोन्ही उणिवा एकत्र आल्या की टक्. गार झाले की पुन्हा सुरळीत. नवी पट्टी आणली, बसण्याची जागा पॉलिश पेपरने घासून लखलखीत केली, बोल्ट आवळला. पुन्हा मोजले तेव्हा मीटरवर ०.१ व्होल्टही नव्हता. खर्च बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ. त्यानंतर दोन उन्हाळे ती गाडी घाटाखाली जाऊन येते आहे.

ओहमला मात्र त्याच्या शोधाचे फळ इतक्या लवकर मिळाले नाही. १८२६ मध्ये अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेऊन तो भावाकडे बर्लिनला गेला आणि १८२७ मध्ये त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला आशा होती की आता कुठल्या तरी विद्यापीठात जागा मिळेल. पण ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. भौतिकशास्त्रात इतके गणित कशाला, असे वाटणारे विद्वान त्या काळी जर्मनीत पुष्कळ होते. काहींनी कडक टीका केली, बहुतेकांनी दखलच घेतली नाही. मानी स्वभावाच्या ओहमने १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. पुढची पाच वर्षे त्याने बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्या करून काढली. ज्याचा नियम पुढे जगभरच्या शाळांत शिकवला जाणार होता, त्याला स्वतःला धड मास्तरकीही उरली नव्हती. त्याने लग्न केले नाही. प्रयोगशाळा सुटली होती, हाती कागद-पेन्सिल तेवढी राहिली होती.

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली आणि घडी बसली. दरम्यान फ्रान्समध्ये पुइये याने स्वतंत्र प्रयोग करून तेच निष्कर्ष काढले. तारायंत्राचा काळ येत होता; मैलोन्‌मैल तारेतून वीज पाठवायची तर किती तार, किती जाड आणि किती बॅटऱ्या, हे आधी कळणे भाग होते, आणि ते सांगणारे सूत्र एका दुर्लक्षित मास्तराच्या ग्रंथात तयार होते. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कॉप्ले पदक दिले. हे त्या संस्थेचे सर्वांत मानाचे पदक. परदेशाने गौरव केल्यावर घरच्यांचेही डोळे उघडले, हा अनुभव आपल्याकडच्या लोकांना नवा नाही. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या अकादमीने त्याला सदस्य करून घेतले.

मधल्या काळात तो नादाच्या अभ्यासाकडे वळला. कोणताही गुंतागुंतीचा आवाज कान साध्या स्वरांत फोडून ऐकतो, असे त्याने १८४३ मध्ये मांडले. १८४९ मध्ये तो म्युनिकला आला आणि १८५२ मध्ये तिथल्या विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यासन त्याला मिळाले. तरुणपणापासून ज्या जागेची इच्छा धरली होती, ती वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हाती आली. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, म्युनिकमध्ये त्याचे निधन झाले.

या माणसाच्या चरित्रात मला सर्वांत मोठा वाटतो तो १८२५ आणि १८२६ या दोन वर्षांमधला काळ. पहिला निबंध छापून झाला होता, त्याला चिकटून राहता आले असते. त्याऐवजी त्याने आधी स्थिर वीज मिळवली, एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि जे दिसले ते लिहून ठेवले. आमच्या भागात गाडी, मोटारपंप, थ्रेशर यांच्या खोड्यांपायी दर हंगामात किती तरी घरांत विनाकारण नवे भाग विकत घेतले जातात, आणि चांगल्या गाड्या अपशकुनी ठरून कवडीमोलाने जातात. वही आणि मीटर ही दोन साधने घेतली तर यातले बरेच नुकसान टळेल. मीटर आता तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि दहावी पास झालेल्या पोराला तो वापरता येतो. पोरांना एवढेच सांगायचे की बंद गाडीवर घेतलेल्या आकड्यावर विसंबू नका, सेल्फ फिरत असताना मोजा. मोजताना हात आणि वायरी फॅनच्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

१८८१ मध्ये पॅरिसला विजेच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि रोधाच्या एककाला ओहम हे नाव कायम झाले. त्याच्या चिन्हासाठी रोमन लिपीतला ओ घेतला असता तर शून्याशी गल्लत झाली असती. म्हणून ग्रीक वर्णमालेतले शेवटचे अक्षर घेतले गेले. घोड्याच्या नालेसारखे दिसणारे ते अक्षर आज गावोगावच्या गॅरेजमधल्या मीटरच्या बटणाशेजारी छापलेले असते.